पीसी की कन्सोल: किल्ली कोणाकडे?

२००६ च्या अखेरीस ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ हा गेम बाजारात आला. तो बनवला होता कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने, म्हणजे आइस हॉकीवर जीव टाकणाऱ्या देशात. समालोचनाला मार्क निकोलस आणि रिची बेनो. खेळाडूंच्या नावांचे परवाने फक्त इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे. आपल्या संघातल्या मंडळींची नावं अशी मोडूनतोडून घातलेली की माणूस ओळखू यावा, पण कोर्टात सिद्ध करता येऊ नये. गेम दोनच यंत्रांसाठी निघाला, विंडोजचा पीसी आणि सोनीचा प्लेस्टेशन २. त्यानंतर ईएने पीसीसाठी किंवा कन्सोलसाठी क्रिकेटचा गेम काढलाच नाही. म्हणजे रीतसर पाहिलं तर हा गेम संपला.

पण आपल्याकडे तो संपला नाही. पीसीवरच्या ‘क्रिकेट ०७’मध्ये लोकांनी आधी नावं दुरुस्त केली. मग जर्सी बदलल्या. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली, तसे तिचे संघ आले. पुढे नवी मैदानं, नवे चेहरे, बॅटवरचे स्टिकर, टीव्हीवर दिसतो तसा धावफलक. कंपनीने यातलं काहीही केलेलं नाही. कॉलेजातल्या पोरांनी आणि नोकरी सांभाळून रात्री जागणाऱ्या हौशी लोकांनी हे पॅच बनवले आणि फुकट वाटले. पॅच टाकायची रीत पोराटोरांना पाठ असायची. सी ड्राइव्हमधलं गेमचं फोल्डर उघडायचं, मूळ फाइल कॉपी करून बाजूला ठेवायची, त्याच नावाची नवी फाइल तिच्या जागी टाकायची. गेम सुरू झाला तर ठीक, नाही झाला तर जुनी फाइल परत. इतकं सोपं, कारण फोल्डर उघडं होतं आणि ते उघडायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

प्लेस्टेशन २ वरचा तोच गेम मात्र चकतीवर छापला गेला तसाच राहिला. आजही ती मूळ चकती मूळ यंत्रात घातली तर २००६ सालचा संघ आणि तीच चुकीची नावं समोर येतात. (गल्लीतल्या दुकानातून चिप मारून आणलेल्या यंत्रांची गोष्ट वेगळी. पण तिथेही आधी कुलूप फोडावंच लागलं.)

पीसी बरा की कन्सोल, हा वाद निघाला की गाडी बहुतेक वेळा चित्राच्या सफाईवर जाते. कोणाचं ग्राफिक्स भारी, कोणाचे फ्रेम जास्त. माझ्या मते हा वाद आता जवळजवळ निरर्थक आहे, आणि त्याचं कारण डब्याच्या आत आहे.

एके काळी आतली यंत्रं खरोखर वेगळी असत. प्लेस्टेशन २ चा ‘इमोशन इंजिन’ प्रोसेसर किंवा २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ चा ‘सेल’ प्रोसेसर घरच्या पीसीत मिळत नव्हता. त्यासाठी गेम लिहिणं हे वेगळंच शास्त्र होतं आणि भलेभले प्रोग्रामर त्यापुढे टेकीला येत. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले तेव्हा दोघांनीही एएमडीकडून पीसीच्याच घराण्यातले प्रोसेसर घेतले. प्लेस्टेशन ५ मध्येही एएमडीचा आठ गाभ्यांचा झेन २ प्रोसेसर, त्याच कंपनीचा ग्राफिक्स भाग आणि १६ जीबी मेमरी आहे. फरक म्हणावा तर पीसीत प्रोसेसरची रॅम वेगळी आणि ग्राफिक्स कार्डची वेगळी असते, इथे दोघं एकाच साठ्यातून घेतात. बाकी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कोणत्याही पार्टवाल्याला आतलं सामान ओळखीचं वाटेल.

यंत्र एकच, तर मग वेगळं काय उरलं? उरलं ते कुलूप. कन्सोलवर कोणता प्रोग्राम चालणार, तो कुठून येणार, कितीला येणार, हे सगळं यंत्र बनवणारी कंपनी ठरवते. पीसीवर हे ठरवण्याची मोकळीक, आणि ते निस्तरण्याची जबाबदारीही, खेळणाऱ्याकडे असते. दोन्हींचे जे काही फायदे-तोटे सांगितले जातात, त्यातले बहुतेक या एका गोष्टीतून निघतात.

हे कुलूप आलं कुठून? १९७७ च्या अटारी २६०० वर असं काही नव्हतं. कोणीही उठावं आणि तिच्यासाठी कॅसेट काढावी. १९८२-८३ पर्यंत अमेरिकेतल्या दुकानांत टुकार गेमचा इतका पूर आला की गिऱ्हाईक विटलं. ‘ई.टी.’ चित्रपटावरचा गेम हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एकट्या प्रोग्रामरला जेमतेम पाच आठवड्यांत उरकावा लागला. न खपलेला माल अटारीने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरला. २०१४ मध्ये ती जागा खणली तेव्हा कॅसेटी खरंच सापडल्या. १९८३ मध्ये अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला आणि खेळण्यांचे दुकानदार व्हिडिओ गेमचं नाव काढू देईनात. अशा वेळी जपानच्या निन्टेन्डोने १९८५ मध्ये तिथे पाऊल टाकलं ते यंत्रात ‘१०एनईएस’ नावाची एक चिप बसवून. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप असेल तरच यंत्र चालणार. आणि जोडीदार चिप मिळणार ती निन्टेन्डोच्या अटी मान्य करणाऱ्यालाच. वर्षाला पाचच गेम काढायचे, हीसुद्धा त्यातलीच एक अट. बाजार सावरला, कुलूप कायम राहिलं.

गंमत अशी की निन्टेन्डोच्या मूळ जपानी यंत्रात, १९८३ च्या फॅमिकॉममध्ये, ही चिप नव्हतीच. म्हणून तैवान-चीनमध्ये त्याच्या नकला भराभर झाल्या. नव्वदीच्या दशकात मीडिया, सामुराई अशा नावांनी आपल्या घरांत जे ‘टीव्ही गेम’ आले ते याच घराण्यातले. ‘९९९९ इन १’ लिहिलेली पिवळी कॅसेट, तिच्यात खरे गेम वीसेक आणि बाकी त्यांचीच उलटसुलट नावं. मारिओ, काँट्रा, बदकं मारायची बंदूक. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने कन्सोल पाहिला तो कुलूप नसलेला. कॅसेट लागली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हा तेव्हाचा सार्वत्रिक उपाय. फुंकरीने उपयोग होत नसे. कॅसेट काढून पुन्हा घट्ट बसवल्यामुळे तिचे धातूचे दात नीट टेकत आणि गेम लागे. उलट तोंडातल्या ओलाव्याने ते दात गंजतात, म्हणून निन्टेन्डोही फुंकू नका असंच सांगत असे. कोणाला पटलं असेल असं वाटत नाही.

आता कुलपाची बाजू घेतो, कारण ती खरोखर घेण्यासारखी आहे. गेम बनवणाऱ्याला कन्सोलमध्ये समोर एकच यंत्र दिसतं. लाखो घरांत तोच प्रोसेसर, तीच मेमरी, तेच सगळं. त्यामुळे त्याला शेवटचा थेंबही पिळून काढता येतो. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ सप्टेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला तेव्हा त्या यंत्राची मेमरी होती २५६ एमबी, आणि चित्रासाठी आणखी २५६ एमबी. आजच्या साध्या फोनमध्ये याच्या कित्येक पट असते. एवढ्याशा जागेत रॉकस्टारने एक अख्खं शहर, त्याभोवतीचे डोंगर, वाळवंट आणि समुद्र बसवला. त्याच मेमरीच्या पीसीवर तेव्हा विंडोजच धापा टाकत असे.

दुसरा फायदा डोळ्यांना लगेच दिसतो, पण त्याचं कारण फारसं कोणी सांगत नाही. गेममधलं पाणी कसं चमकावं, भिंतीवर ऊन कसं पडावं, हे सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रामना शेडर म्हणतात. ते ग्राफिक्स चिपच्या स्वतःच्या भाषेत उतरवावे लागतात. कन्सोलची चिप ठरलेली, म्हणून हे काम कंपनीतच आटोपून गेम तुमच्याकडे येतो. पीसीवर एनव्हिडिया, एएमडी, इंटेल, त्यांची डझनावारी कार्डं, प्रत्येकाचे वेगवेगळे ड्रायव्हर. मग हे भाषांतर तुमच्याच घरी, तुमच्याच यंत्रावर करावं लागतं. काही गेम ते सुरुवातीलाच उरकतात. ‘शेडर तयार होत आहेत’ असं पडद्यावर दिसतं आणि माणूस चहा करून येतो. काही गेम ते ऐन खेळात करतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. त्यात एखादा नवा शेडर उपटला आणि त्याने १०० मिलिसेकंद घेतले, की सहा फ्रेम गायब. नेमका नवा राक्षस समोर आला की चित्राला झटका बसतो. लाखाचं कार्ड घेऊनही २०२२ मध्ये ‘एल्डन रिंग’ खेळणाऱ्या पीसीवाल्यांनी हे झटके खाल्ले, आणि २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’ पीसीवर आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डवाल्यांचे जे हाल झाले ते विचारू नका. २०१५ मध्ये ‘बॅटमॅन: आर्खम नाइट’ची पीसी आवृत्ती इतकी फसली की कंपनीला तिची विक्रीच थांबवावी लागली.

तरी कन्सोलवर सगळं आलबेल असतं असंही नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ प्लेस्टेशन ४ वर इतका रडतखडत चालला की सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि गिऱ्हाइकांना पैसे परत दिले. चांगल्या पीसीवर तोच गेम त्याच आठवड्यात बराच बरा चालत होता.

तिसरा फायदा किमतीचा, आणि इथे धंद्याचं गणित समजून घ्यावं लागतं. कन्सोल बनवणारी कंपनी यंत्रावर फारसं कमवत नाही; सुरुवातीच्या काळात तर बऱ्याचदा तोट्यात विकते. कमाई होते ती विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधल्या वाट्यातून आणि वर्गणीतून. प्लेस्टेशन ३ हे याचं टोकाचं उदाहरण. ते विकताना सोनीने इतकी खोट खाल्ली की त्याच्या किमतीत तेवढी गणनशक्ती दुसरीकडे मिळत नव्हती. अमेरिकेच्या हवाई दलाने नेमका याचा फायदा घेतला आणि २०१० मध्ये १,७६० प्लेस्टेशन ३ एकमेकांना जोडून ‘काँडोर क्लस्टर’ नावाचा महासंगणक उभा केला. हे शक्य होतं, कारण त्या यंत्रात लिनक्स टाकायची सोय सोनीनेच ठेवली होती.

आणि त्याच वर्षी, १ एप्रिल २०१० ला, सोनीने एका अपडेटने ती सोय काढून टाकली. कारण दिलं सुरक्षेचं. अपडेट नको असेल तर घेऊ नका. पण मग ऑनलाइन खेळणं बंद आणि नवे गेमही बंद. जाहिरातीत ज्या गुणाचं कौतुक करून यंत्र विकलं, तो गुण लोकांच्या दिवाणखान्यातल्या, त्यांनी पैसे मोजून घेतलेल्या यंत्रातून परत नेला. पुढे अमेरिकेत खटला झाला, तडजोड झाली, थोडेफार पैसे मिळाले. किल्ली दुसऱ्याकडे असण्याचा अर्थ मला तरी याहून स्पष्ट कुठे दिसलेला नाही.

बाकीच्या तक्रारी याच जातीच्या, फक्त लहान. इंटरनेटचं बिल आपणच भरतो, तरी प्लेस्टेशन ४ पासून पैसे देऊन घेतलेले बहुतेक गेम ऑनलाइन खेळायला सोनीची वेगळी वर्गणी लागते. पीसीवर असला कर नाही. प्लेस्टेशन ३ चे गेम प्लेस्टेशन ४ मध्ये चालले नाहीत. उलट १९९३ चा ‘डूम’ आजच्या कुठल्याही पीसीवर थोड्या खटपटीने चालतो. आणि कधी कधी किल्ली कंपनीकडेही नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो जगभर आला, भारतात आला नाही. कारण त्यातलं वाय-फाय ७ हे ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं आणि तो पट्टा तेव्हा आपल्याकडे अशा वापरासाठी खुला नव्हता. पीसीत अशी अडचण आली असती तर दुकानदाराने दुसरं वाय-फाय कार्ड बसवून दिलं असतं.

पीसीचं कौतुक करताना लोक ‘अपग्रेड करता येतो’ एवढ्यावर थांबतात. माझ्या लेखी त्याचं खरं देणं वेगळं आहे. ‘हाफ-लाइफ’ या गेमच्या फाइली हलवून मिन ली आणि जेस क्लिफ या दोघा हौशी लोकांनी १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ केला. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत तासाला वीस-तीस रुपये मोजून पोरं तोच खेळत. ‘वॉरक्राफ्ट ३’च्या एका नकाशातून ‘डोटा’ निघाला. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाने ‘आर्मा’ मालिकेतल्या गेमवर मॉड, म्हणजे असेच हौशी बदल, केले. त्यातून २०१७ चा ‘पबजी’ आला, २०१८ मध्ये तो फोनवर उतरला, सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने त्याच्यावर बंदी घातली आणि २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ नावाने तो परत आला. गावच्या पारावर फोन आडवे धरून बसलेली मुलं जे खेळतात, त्याचं मूळ कोणाच्या तरी उघड्या फोल्डरमध्ये आहे. कन्सोलवर उत्तम गेम निघतात. पण खेळाचा एक नवा प्रकारच जन्माला घालणारा कोणी अनोळखी पोरगा तिथे घरबसल्या निघणं अवघड, कारण त्याला आत शिरायलाच कंपनीचा परवाना लागतो.

मात्र मोकळ्या दारातून चोरही येतात. पीसीवरच्या ऑनलाइन गेममध्ये भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारे आणि आपोआप नेम लावणारे प्रोग्राम सर्रास सापडतात. कन्सोलवर ते टाकणं फार कठीण. त्यावर रायट कंपनीने २०२० च्या ‘व्हॅलोरंट’सोबत ‘व्हॅनगार्ड’ नावाचा पहारेकरी आणला. तो कॉम्प्युटर सुरू होतानाच सुरू होतो आणि विंडोजच्या गाभ्यापर्यंत पाहू शकतो. विंडोज ११ असेल तर सिक्युअर बूट चालू हवं, टीपीएम चिप हवी, नाहीतर गेम उघडतच नाही. कुलूप नको म्हणून पीसी घ्यायचा आणि मग आपल्याच हाताने त्याला कुलूप लावायचं, हा प्रकार मला मोठा मजेशीर वाटतो. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात ‘विकत घेतलेला’ गेमही खरं तर परवानाच असतो. २०२४ पासून पैसे भरताना स्टीम तसं स्पष्ट लिहितं.

हातांबद्दल थोडं. माउस पाच सेंटिमीटर सरकवला की नजर ठरावीक अंशांत वळते. हात थांबला की नजर थांबली. कंट्रोलरची काडी तसं करत नाही. ती किती कलवली यावर वळण्याचा वेग ठरतो, आणि नेमकं लक्ष्यावर आलं की ती वेळेत सोडावी लागते. नेमबाजीत हा फरक जीवघेणा ठरतो. म्हणून कन्सोलवरच्या गेममध्ये शत्रूजवळ गेल्यावर नेम आपोआप मंदावतो, किंचित चिकटतो. ‘व्हॅलोरंट’ २०२४ मध्ये कन्सोलवर आला तेव्हा रायटने पीसीवाले आणि कन्सोलवाले एका मैदानात उतरवलेच नाहीत. ‘एज ऑफ एम्पायर्स’सारख्या गेममध्ये तर शंभर शिपायांना कंट्रोलरने हुकूम देणं म्हणजे छळ. फुटबॉल, मारामारी, गाड्यांच्या शर्यती यांना मात्र कंट्रोलरच हवा, आणि तो पीसीलाही लागतो. शिवाय दिवाळीला मामे-आते भावंडं जमली की चार जणांनी सोफ्यावर बसून खेळायचा आनंद टेबलापुढच्या एका खुर्चीत मिळत नाही. हा मुद्दा किरकोळ समजू नये. कित्येक घरांत निर्णय इथेच होतो.

आता रुपये. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला, पुढे त्याचे ५४,९९० झाले. तेवढ्याच ताकदीचा पीसी जुळवायचा तर कॅबिनेट, एसएमपीएस, मदरबोर्ड, कार्ड, मॉनिटर धरून आकडा याच्या बराच वर जातो. कन्सोलला घरातला टीव्ही चालतो. पण नवा मोठा गेम प्लेस्टेशन ५ वर ४,९९९ रुपयांना. सोनीचाच ‘गॉड ऑफ वॉर’ जानेवारी २०२२ मध्ये पीसीवर आला तो ३,२९९ ला, आणि स्टीमच्या सेलमध्ये पीसीच्या गेमच्या किमती निम्म्याखाली येतात हे नेहमीचंच. मात्र तोच गेम प्लेस्टेशनवर एप्रिल २०१८ मध्ये आला होता. स्वस्ताईची किंमत पावणेचार वर्षांची. कन्सोलवाल्याकडे चकती असेल तर खेळून झाल्यावर ती विकता येते. पीसीवरचा गेम विकता येत नाही. म्हणून भारतात कन्सोल घेणाऱ्याने चकती लागणारंच मॉडेल घ्यावं, असं मी सांगेन. काही हजार वाचवायला बिनचकतीचं घेतलं तर किल्लीबरोबर कडीही कंपनीला दिली म्हणायची.

पीसीच्या बाजूने आपल्याकडे एक जुना युक्तिवाद आहे, तो म्हणजे ‘अभ्यासासाठी कॉम्प्युटर पाहिजे’. एमएस-सीआयटीच्या काळात घरोघरी कॉम्प्युटर आले ते याच वाक्यावर, आणि त्यांच्यावर ‘रोड रॅश’ आणि ‘व्हाइस सिटी’ चालले हे आईवडिलांनाही ठाऊक होतं. पण त्यात तथ्य आहे. त्याच यंत्रावर प्रोजेक्ट होतो, व्हिडिओ कापले जातात, नोकरीचा अर्ज भरला जातो. कन्सोलवर हे होत नाही.

मात्र आज अभ्यासासाठी घेतला जातो तो लॅपटॉप, आणि तिथे फसगत होते. डब्यावर ‘आरटीएक्स ४०६०’ लिहिलेलं असतं. त्या नावाचं लॅपटॉप कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठल्याही मर्यादेवर लावलेलं असू शकतं आणि त्याप्रमाणे वेग बदलतो. नाव तेच, माल वेगळा. दुकानात कार्डाचं नाव विचारून थांबू नये, वॉट विचारावेत. सांगता आले नाहीत तर दुसरं दुकान पाहावं.

विजेचंही असंच. प्लेस्टेशन ५ खेळताना साधारण २०० वॉट ओढतो. मध्यम पीसी तीनशेच्या आसपास, मोठं कार्ड असेल तर पाचशेच्या पुढे. आपल्याकडे घरात असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस, त्याची खरी क्षमता साधारण ३६० वॉट. ऑफिसचा कॉम्प्युटर त्यावर आरामात चालतो. गेम रंगात असताना लाइट गेली की गेमिंग पीसीचा भार पाहून तो यूपीएसही टूं करून मान टाकतो, आणि पीसी असा दाणकन बंद पडणं हार्ड डिस्कला बरं नाही. जिथे लाइटचा भरवसा नाही तिथे पीसीच्या खर्चात मोठा यूपीएस धरायलाच हवा. जोडीला धूळ. सहा महिन्यांनी कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला नाही तर पंखे विमानासारखे ओरडू लागतात. कन्सोलमध्येही धूळ बसते, पण तो वॉरंटीत उघडायला कोणी धजत नाही.

कन्सोल काळाबरोबर स्वस्त होतो, हा एक जुना भरवसा होता. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरना आला आणि २००९ मध्ये ९९ ला मिळू लागला. प्लेस्टेशन ५ उलटा गेला. २०२० मध्ये ४९९ डॉलर आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९. म्हणून पीसीवाल्यांनी हसायचं कारण नाही. २०२१ मध्ये क्रिप्टो खणणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डं पळवली आणि छापील किमतीला कार्ड मिळेना. किमती खाली आल्या त्या २०२२ मध्ये, आणि त्या सप्टेंबरात इथेरियम या क्रिप्टो चलनाने खणण्याची पद्धतच सोडली. आता एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी आहे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने आपला ‘क्रुशल’ हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅम घेऊन ठेवा, असा सल्ला सोन्यासारखा दिला जाईल असं कधी वाटलं नव्हतं.

दरम्यान कुंपणं थोडी वाकू लागली आहेत. मायक्रोसॉफ्टने आपला लाडका ‘हेलो’ प्लेस्टेशनवर आणायचं ठरवलं, सोनी आपले गेम उशिरा का होईना पीसीला देते, आणि स्टीमवाल्या व्हॉल्व्हने टीव्हीखाली ठेवायचा स्वतःचा डबा जाहीर केला आहे. तरी ज्या गेमसाठी २०२६ मध्ये बहुधा सर्वांत जास्त यंत्रं विकली जातील तो ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ रॉकस्टारने १९ नोव्हेंबर २०२६ ची तारीख देऊन जाहीर केला तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीजसाठी. पीसीची तारीख दिली नाही. पाचवा भाग पीसीवर यायला जवळजवळ एकोणीस महिने लागले होते, ‘रेड डेड रिडेम्पशन २’ला वर्षाहून थोडं जास्त. पहिल्या दिवशीच खेळायचं असेल त्याने कन्सोल घ्यावा. ज्याला त्यात मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आणि बेस्टची लाल बस धावताना पाहायची आहे, त्याला पीसीवर येईपर्यंत थांबावं लागेल, आणि मग आणखी थोडे दिवस, कोणीतरी ती बनवेपर्यंत.